ताशी हजार लिटरचा सार्वजनिक आरओ प्लांट: यंत्र बरं, जोडणी कच्ची

‘कम्युनिटी आरओ’ म्हणून बाजारात मिळणारा संच जवळपास एकाच साच्यातून निघालेला असतो. चौकटीवर वाळूचं आणि कार्बनचं अशी फायबरची दोन व्हेसल (उभ्या बंद टाक्या), कच्च्या पाण्याचा पंप, रसायन मोजून सोडणारा छोटा डोसिंग पंप, बारीक गाळणीच्या कार्ट्रिजचं हाउसिंग, उभा हाय प्रेशर पंप, क्षार अडवणारी चार मेम्ब्रेन, प्रवाह दाखवणारे दोन रोटामीटर, पॅनल आणि शेवटी यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा. स्टिकर बदलतो, आतलं सामान फारसं बदलत नाही. म्हणून हे परीक्षण त्या साच्याचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही.

निकाल आधीच सांगतो. आहे तसा घेतला तर पाचपैकी अडीच. खाली सांगितलेले बदल करून घेतले तर चार. मेम्ब्रेन आणि हाय प्रेशर पंप या महागड्या वस्तू बहुतेक संचांत चांगल्याच असतात. घात होतो तो त्यांच्या आधी असलेल्या वाळूच्या व्हेसलमध्ये आणि त्यांच्यानंतरच्या टाकीत, आणि नेमकं तिथेच विक्रेत्याने हात आखडता घेतलेला असतो.

आधी पाण्याचा अहवाल, मग कोटेशन

आरओ विरघळलेलं काढण्यासाठी असतो: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक. पाण्यात यातलं काहीच मर्यादेबाहेर नसेल आणि अडचण फक्त गढूळपणाची आणि जंतूंची असेल, तर आरओ घेणं म्हणजे निम्मं पाणी गटारात सोडायला वीज जाळणं. त्यासाठी स्वस्त आणि चिवट पर्याय आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

अहवालात किमान एवढं हवं: पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये), गढूळपणा, कठीणपणा, अल्कलिनिटी, लोह, मँगनीज, फ्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, सिलिका, आर्सेनिक आणि ई. कोलाय. कोरड्या हंगामाच्या शेवटी एक नमुना आणि पावसात एक. एकाच नमुन्यावर ठरवलेला प्लांट दुसऱ्या हंगामात तोंडावर पडतो, कारण कोरड्या दिवसांत क्षार चढतात आणि पावसात गढूळपणा व जंतू. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा निर्धास्त करतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्यं हाताशी असू द्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये शून्य. टीडीएसला आरोग्याच्या कारणाने ठरवलेली मर्यादा तिथे नाही, तो चवीचा प्रश्न मानला आहे: ६०० च्या खाली पाणी गोड लागतं, १००० च्या वर नकोसं होतं.

विक्रेता दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होतं, आणि ‘हे बघा तुमच्या पाण्यातली घाण’ असं सांगतो, तेव्हा त्याला नमस्कार करून वाटेला लावावं. ती घाण लोखंडी सळीचीच असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळी झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा.

टीडीएस मीटरही असाच गैरसमज पसरवतो. तो फक्त क्षार मोजतो. टीडीएस ८० असलेल्या पाण्यात कॉलराचे जंतू असू शकतात, आणि १.५ च्या वर फ्लोराइड असलेलं पाणी टीडीएस ४०० दाखवून साळसूदपणे बसलेलं असतं.

किती पाणी लागतं

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ५ लिटर धरा. हजार लोकांना ५००० लिटर, म्हणजे हजार लिटरचा प्लांट दिवसाला ५ ते ६ तास. हा मेळ चांगला आहे. पण लोक पाणी दिवसभर सारखं भरत नाहीत. सकाळच्या दोन तासांत निम्मी गर्दी येते, म्हणून शुद्ध पाण्याची साठवण किमान अर्ध्या दिवसाची, म्हणजे इथे २५०० ते ३००० लिटरची हवी. संचाबरोबर येते ५०० लिटरची टाकी. ती सकाळी रिकामी होते, फ्लोट स्विच दर दहा मिनिटांनी प्लांट चालू-बंद करतो, आणि प्रत्येक सुरुवातीला मेम्ब्रेनला दाबाचा धक्का बसतो. ५०० लिटरच्या टाकीवर हजार लिटरचा प्लांट बसवू नये, इतकं साधं आहे.

कच्च्या पाण्याची टाकीही हिशोबात धरा. ५० टक्के रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातला शुद्ध होऊन हाती येणारा हिस्सा) म्हणजे हजार लिटर शुद्ध पाण्यासाठी तासाला दोन हजार लिटर आत जातं. ५ तासांना १०,००० लिटर. बोअर किंवा विहीर तेवढं देते का, हे यंत्राआधी बघायचं.

वाळूचं व्हेसल: इथेच सगळं बिघडतं

संचात सहसा ‘१३५४’ मापाचं व्हेसल असतं, म्हणजे १३ इंच व्यास आणि ५४ इंच उंची. त्याचं आतलं क्षेत्रफळ भरतं ०.०८५ चौरस मीटर. त्यातून तासाला २ घनमीटर पाणी काढलं तर वेग होतो तासाला २३ मीटर. दाबाच्या वाळूच्या फिल्टरला १० ते १५ मीटरचा वेग मानवतो. स्वच्छ बोअरच्या पाण्यावर २३ चा वेग खपून जातो, पण नदी, तलाव, उघडी विहीर असं पाणी असेल तर बारीक गाळ सरळ पुढे निघतो. मग ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज आठवड्याला बदलावं लागतं आणि ऑपरेटर कंटाळून ते काढूनच ठेवतो. १८ इंची व्हेसल मागा. त्यात वेग १२ मीटरवर येतो.

दुसरी गोम बॅकवॉशची, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुण्याची. वाळू उचलून धुवायला तासाला ३० मीटरच्या आसपास उलटा वेग लागतो. १३ इंची व्हेसलला त्यासाठी ताशी २६०० लिटर हवेत, १८ इंचीला सुमारे ५०००. संचातला कच्च्या पाण्याचा पंप निवडलेला असतो ताशी दोन हजारांवर. म्हणजे रोज इमानदारीने बॅकवॉश केला तरी वाळू जागची हलत नाही. वरचा गाळ थोडा निघतो, बाकीचा चिखलाचे गोळे होऊन आत बसतो, आणि काही महिन्यांनी पाणी कडेकडेने वाट काढून न गाळताच खाली उतरतं. पंपाचा कर्व्ह (कोणत्या दाबाला किती प्रवाह, हा आलेख) मागवा. १ ते १.५ बारला तो पुरेसा प्रवाह देत असेल तर ठीक, नसेल तर मोठा पंप किंवा उंच टाकीवरून बॅकवॉशची वेगळी सोय.

व्हेसल काठोकाठ भरून देणं हा औदार्याचा प्रकार नाही. खाली खडी, त्यावर जाड वाळू, त्यावर ०.५ ते १ मिलिमीटरची गाळणीची वाळू, सगळं मिळून उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत. वरची जागा मोकळी हवी, कारण बॅकवॉशमध्ये वाळू फुगते. कार्बन हलका असल्यामुळे आणखी फुगतो. जागा नसेल तर तोच गटारात वाहून जातो.

बॅकवॉश कधी? व्हेसलच्या दोन्ही बाजूंच्या दाबाच्या गेजमधला फरक स्वच्छ अवस्थेपेक्षा ०.५ बारने वाढला की, किंवा दिवसातून एकदा, यातलं जे आधी येईल ते. १० ते १५ मिनिटं, बाहेर येणारं पाणी निवळेपर्यंत. मग दोन-तीन मिनिटं रिन्स, आणि मगच फिल्टर. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ पंप बंद करूनच फिरवायची. चालू पंपावर फिरवली की आतलं गॅस्केट फाटतं आणि न गाळलेलं पाणी गुपचूप पुढे मिसळत राहतं. गॅस्केट फाटल्याची खूण म्हणजे फिल्टरच्या स्थितीतही बॅकवॉशच्या पाइपातून पाण्याची धार.

दोन्ही बाजूंना गेज नसलेला संच घेऊ नका. एक गेज वाचवून विक्रेता फार कमवत नाही, पण ऑपरेटर आंधळा होतो.

लोह असेल तर

बोअरचं पाणी काढताना नितळ आणि तासाभरात पिवळं पडत असेल तर त्यात विरघळलेलं लोह आहे. हे लोह वाळूतून सहज पुढे जातं आणि मेम्ब्रेनवर जाऊन गंजतं. कच्च्या टाकीत पाणी फवाऱ्यासारखं पाडून हवा लावायची, गरज पडल्यास क्लोरीन द्यायचं, अर्धा तास थांबायचं, आणि मग मँगनीज डायऑक्साइडचा मीडिया असलेल्या व्हेसलमधून न्यायचं. मेम्ब्रेनवर जाणाऱ्या पाण्यात लोह लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं आहे. साध्या संचात यातलं काही नसतं, आणि ‘आरओ लोहही काढतो’ असं सांगितलं जातं. काढतो खरा, स्वतःचा जीव देऊन.

आर्सेनिकचंही असंच आहे. भूजलातलं आर्सेनिक बऱ्याचदा त्रिसंयुजी रूपात असतं, त्यावर विद्युतभार नसतो, आणि ते मेम्ब्रेनमधून बऱ्यापैकी निसटतं. आधी क्लोरीनने त्याचं पंचसंयुजी रूप केलं तर मेम्ब्रेन ते नीट अडवतं. आर्सेनिकसाठी प्लांट घेत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ऑक्सिडेशन कुठे करता?

कार्बन आणि डोसिंग

पॉलिअमाइड मेम्ब्रेनला क्लोरीन चालत नाही, ०.१ मिलिग्रॅमच्या वर अजिबात नाही. कार्बन त्यासाठी आहे. १३ इंची व्हेसलमधला ४५ लिटर कार्बन २००० लिटरच्या प्रवाहाला जेमतेम सव्वा-दीड मिनिटाचा सहवास देतो. कार्बन नवा असताना क्लोरीन काढायला एवढं चालतं, कीटकनाशकांसाठी अजिबात पुरत नाही. कार्बननंतरच्या पाण्याची क्लोरीन चाचणी रोज करायची, रंग शून्य आला पाहिजे. जरासाही रंग दिसला की प्लांट बंद करून कार्बन बदलायचा. क्लोरीनने जळालेलं मेम्ब्रेन कोणत्याही धुलाईने परत येत नाही. पाणी वाढतं, टीडीएसही वाढतो, आणि लोक उलट ‘प्लांट जोरात चाललाय’ म्हणून खूश होतात.

अँटिस्केलंटचा (मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस साधारण लिटरला ३ मिलिग्रॅम, नेमका आकडा उत्पादक पाण्याचा अहवाल बघून देतो. दोन हजार लिटरला तासाला ६ ग्रॅम. आता संचातला डोसिंग पंप असतो ताशी ६ लिटरचा. १० टक्के द्रावण केलं तर त्यातून तासाला फक्त ६० मिलिलिटर सोडायचं, म्हणजे क्षमतेच्या एक टक्का. तेवढ्या खाली तो पंप नीट मोजून देतच नाही. कधी शून्य, कधी तिप्पट. एक टक्का द्रावण करा: २० लिटर आरओच्या पाण्यात २०० ग्रॅम. मग तासाला ६०० मिलिलिटर जातं आणि पंप त्याच्या आवाक्यात राहतो. पातळ द्रावणात शेवाळं धरतं, त्यामुळे पाच-सहा दिवसांपुरतंच करायचं. डोसिंग खरंच होतंय का हे पंपाच्या टिकटिकीवरून कळत नाही. टाकीवर पट्टी चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ पातळी लिहा.

काही विक्रेते सॉफ्टनरही (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) गळ्यात मारतात. अँटिस्केलंट असेल तर त्याची गरज नाही, आणि रोजच्या मिठाच्या पाण्याची विल्हेवाट हा वेगळा व्याप होतो.

मेम्ब्रेन

संचातलं मेम्ब्रेन सहसा ‘४०४०’ मापाचं असतं, म्हणजे ४ इंच व्यास, ४० इंच लांबी, सुमारे ७.९ चौरस मीटर पृष्ठभाग. हजार लिटरला चार मेम्ब्रेन म्हणजे प्रत्येकावर २५० लिटर, चौरस मीटरला तासाला ३१-३२ लिटर. स्वच्छ बोअरच्या पाण्यालाही हे जास्तच आहे. नदी-तलावाच्या पाण्याला २०-२२ च्या पुढे जाऊ नये, म्हणजे सहा मेम्ब्रेन हवीत. माहितीपत्रकात एका मेम्ब्रेनला दिवसाला ९-१० हजार लिटर लिहिलेलं असतं. तो आकडा स्वच्छ मिठाच्या पाण्यावर, २५ अंशांना, १५ टक्के रिकव्हरीला घेतलेला असतो. विक्रेता तोच दाखवून ‘तीनमध्येही भागेल’ म्हणेल. भागेल, सहा महिने.

रिकव्हरी हा या यंत्राचा सर्वांत दुरुपयोग होणारा भाग आहे. रिजेक्टचा, म्हणजे क्षार घेऊन वाया जाणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह थोडा आवळला की शुद्ध पाण्याचा रोटामीटर वर चढतो, वाया जाणारं पाणी कमी होतं, सगळ्यांना बरं वाटतं. पण ५० टक्क्यांना शेवटच्या मेम्ब्रेनमध्ये क्षार दुप्पट होतात, ७५ ला चौपट. कच्च्या पाण्यात सिलिका ६० मिलिग्रॅम असेल तर चौपटीला ती २४० होते आणि काचेसारखी बसते. कॅल्शियम कार्बोनेटचा थर आम्लाने निघतो, सिलिकाचा निघत नाही. रिजेक्टचा व्हॉल्व्ह जोडणीच्या दिवशी ठरवून त्याची मूठ काढून टाका.

पाणी किती येतंय हे तापमानासकट लिहा. एका अंशामागे साधारण ३ टक्के फरक पडतो. पाणी २५ वरून १५ अंशांवर गेलं की प्रवाह पाव हिश्श्याने पडतो, आणि त्यात बिघाड काही नसतो. थंडीत मेम्ब्रेन ‘चोक’ झाली म्हणून धुवायला येणारा मेकॅनिक ओळखण्याचीही ही खूण आहे.

तापमानाचा हिशोब करूनही प्रवाह १०-१५ टक्क्यांनी घटला, किंवा मेम्ब्रेनच्या दोन टोकांतला दाबाचा फरक १५ टक्क्यांनी वाढला, तर धुलाई करायची. वाट बघितली तर थर पक्का होतो. पहिल्या मेम्ब्रेनवर चिकट बुळबुळीत थर असेल तर आधी अल्कली, पीएच ११ ते १२, पाणी ३५ अंशांच्या आत. शेवटच्या मेम्ब्रेनवर खरखरीत पांढरा किंवा पहिल्यावर तांबूस थर असेल तर २ टक्के सायट्रिक आम्ल. पाऊण तास कमी दाबाने फिरवणं, तासभर भिजवणं, परत फिरवणं, आणि शेवटी आरओच्याच पाण्याने खळखळून धुणं. यासाठी १०० लिटरची टाकी आणि जोडणीची तोंडं लागतात. साच्यातल्या संचात दोन्ही नसतात; ऑर्डर देतानाच लिहून घ्या, नंतर पाइप कापून बसवणं कटकटीचं आहे.

बंद करताना ३ ते ५ मिनिटं कमी दाबाने फ्लश. पॅनलमध्ये ऑटो फ्लश असेल तर उत्तम. दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर रोज फ्लश, आणि आठवड्याच्या वर जाणार असेल तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट भरून ठेवणं. हे न करता महिनाभर बंद ठेवलेल्या प्लांटला उघडल्यावर येणारा वास वर्णन करण्यासारखा नाही.

पॅनलबद्दल थोडक्यात: लो प्रेशर स्विच, हाय प्रेशर स्विच, ड्राय रन (पाण्याविना पंप चालणं) आणि फेज बिघाडाचं संरक्षण. यातलं एक जरी नसेल तर पंप जळेल, प्रश्न फक्त कधी एवढाच. सगळं मिळून हजार लिटरला दोन ते अडीच युनिट वीज धरा.

यूव्ही, टाकी, तोटी

यूव्हीचा दिवा संचात मेम्ब्रेननंतर आणि टाकीआधी लावलेला असतो. तिथे तो जवळपास शोभेचा आहे. शाबूत मेम्ब्रेनने जंतू आधीच अडवलेले असतात. नव्याने येतात ते टाकीत, झाकणातून, वायुनलिकेतून, तोटीला लागलेल्या हातातून. मग दिवा टाकीनंतर लावावा का? तिथे दुसरी अडचण. चार तोट्या एकदम उघडल्या की प्रवाह तासाला अडीच-तीन हजार लिटर होतो, आणि दिवा असतो हजार लिटरचा. पाणी इतक्या वेगाने गेलं की मात्रा पुरत नाही. शिवाय यूव्हीचा परिणाम दिव्यापुढे टिकत नाही, घरच्या भांड्यात तो काहीच करत नाही.

उत्तर जुनंच आहे: क्लोरीन. आरओच्या पाण्यात क्लोरीन खाणारं काही उरलेलं नसतं, त्यामुळे थोडकं पुरतं. लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने हजार लिटरला १० टक्के हायपोक्लोराइट (द्रवरूप क्लोरीन) ५ मिलिलिटर. अर्धा तास थांबून तोटीला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मिळायला हवं. क्लोरीन मोजायच्या डीपीडीच्या गोळ्यांनी तपासा. हायपोक्लोराइट उन्हात आणि उष्णतेत झपाट्याने निकामी होतं, म्हणून महिन्यापुरतंच आणायचं आणि अंधारात ठेवायचं. वासाची तक्रार येतेच. मात्रा ०.३ वर आणली की बहुतेक ती मिटते.

टाकीचं झाकण कडेला वळलेलं, वायुनलिका खाली वाकलेली आणि बारीक जाळीची, तळ उताराचा आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह सर्वांत खाली. दर तीन महिन्यांनी ५० मिलिग्रॅम क्लोरीनने पाच-सहा तास निर्जंतुक करायची. २००० लिटरला १० टक्क्यांचं एक लिटर लागतं. स्टीलच्या टाकीत हे द्रावण रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतात. टाकीपासून तोटीपर्यंत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी किंवा पितळी पाइप नको. आरओचं पाणी भुकेलं असतं, ते धातू खातं. सीपीव्हीसी किंवा स्टील वापरा, किंवा पाणी कॅल्साइटच्या (चुनखडीच्या खनिजाच्या) खड्यांमधून नेऊन त्याची भूक भागवा.

थोडं गाळलेलं कच्चं पाणी मिसळून टीडीएस वाढवणारा बायपास बऱ्याच संचांत असतो. तो गणिताशिवाय उघडायचा नाही. समजा कच्च्या पाण्यात फ्लोराइड ३ मिलिग्रॅम आणि मेम्ब्रेन ९५ टक्के अडवतं, तर पाव हिस्सा कच्चं मिसळल्यावर फ्लोराइड सुमारे ०.८६ होतं. निम्मं मिसळलं तर १.५८, मर्यादेबाहेर. आणि मिसळलेल्या पाण्यातले जंतू मेम्ब्रेनने अडवलेले नसतात, त्यामुळे बायपास असेल तिथे क्लोरीन ऐच्छिक राहत नाही. आर्सेनिक असेल तर बायपास कायमचा बंद.

रिजेक्ट

हजार लिटर शुद्ध पाण्यामागे हजार लिटर दुप्पट क्षारांचं पाणी निघतं. फरशा, स्वच्छतागृहं यांना चालतं. आर्सेनिक किंवा फ्लोराइड असलेलं रिजेक्ट शोषखड्ड्यात किंवा बोअर पुनर्भरणात सोडलं तर तेच विष घट्ट होऊन परत वर येतं. विक्रेत्याच्या आराखड्यात रिजेक्टचा पाइप सहसा चौकटीच्या कडेलाच संपतो.

याऐवजी काय घेता येईल

विरघळलेला दोष नसेल तर अल्ट्राफिल्ट्रेशनचा संच बघा. ०.०१ ते ०.०३ मायक्रॉनची छिद्रं, एक ते दोन बार दाब, ९० टक्क्यांच्या वर पाणी हाती येतं. जंतू जातात, क्षार जसेच्या तसे राहतात. कमकुवत जागा म्हणजे तुटलेला तंतू: एक तुटला तरी जंतू पुढे जातात आणि दिसत काहीच नाही. म्हणून हवेच्या दाबाने गळती तपासण्याची जोडणी असलेलाच संच घ्यावा, आणि पुढे क्लोरीन द्यावंच.

जागा असेल आणि वीज बेभरवशाची असेल तर मंद वाळूचा फिल्टर. हा विकत मिळत नाही, बांधावा लागतो, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही. १८९२ साली हॅम्बुर्ग आणि शेजारचं आल्टोना, दोन्ही शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत होती. आल्टोनात ते मंद वाळूतून गाळलं जात होतं, हॅम्बुर्गमध्ये नव्हतं. कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये हजारो माणसं गेली, आल्टोना बरंचसं वाचलं. ०.१५ ते ०.३५ मिलिमीटरची धुतलेली वाळू, थर एक मीटरच्या जवळपास, वर मीटरभर पाणी, वेग तासाला ०.१ ते ०.२ मीटर. दिवसाला ५००० लिटरसाठी ०.१५ च्या वेगाने दीड चौरस मीटरपेक्षाही कमी क्षेत्र लागतं, पण ते चोवीस तास वाहतं राहिलं पाहिजे. वरचा जिवंत थरच जंतू खातो आणि तो तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर पाणी उकळून किंवा क्लोरीन देऊनच प्यायचं. प्रवाह मंदावला की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची. एक खरवडलेला असताना दुसरा चालू हवा, म्हणून नेहमी दोन बांधायचे. गढूळपणा १० एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) वर गेला तर हा लवकर तुंबतो, आधी खडीचा फिल्टर द्यावा लागतो.

ताबा घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी प्लांट सलग तीन दिवस, रोज सहा तास तुमच्याच पाण्यावर चालवून घ्या. नव्या मेम्ब्रेनमध्ये साठवणीचं रसायन असतं, म्हणून पहिल्या तासाचं शुद्ध पाणी फेकून द्यायचं. दर तासाला कच्च्या, शुद्ध आणि रिजेक्ट पाण्याचे प्रवाह, सगळे दाब, तापमान, दोन्हीकडचा टीडीएस लिहायचा. हीच नोंद पुढे प्रत्येक धुलाईच्या वेळी तुलनेला लागते. ती नसेल तर घट किती झाली हे कोणीच सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवशी तोटीचा नमुना प्रयोगशाळेत. करारात मेम्ब्रेनची हमी ‘एक वर्ष’ एवढीच लिहिली असेल तर तिला अर्थ नाही. किती प्रवाह, किती टक्के क्षार अडवणं, कोणत्या तापमानाला, हे आकडे त्यात हवेत. आणि ज्याने तीन दिवस नोंदी केल्या तोच माणूस पुढे ऑपरेटर राहणार आहे का, हेही त्याच वेळी ठरवून घ्या.